ओरांगउटान: आठ वर्षांनी एक पिल्लू

जंगलात ओरांगउटान किती आहेत हे मोजायचं असेल, तर कुणी ओरांगउटान शोधत बसत नाही. घरटी मोजतात.

प्राणी काही लहान नाही. अंगावर तांबूस-केशरी लांब केस, पूर्ण वाढलेला नर ऐंशी-नव्वद किलोचा. पण तीस मीटर उंचीवर पानांच्या गर्दीत तो बसला की खाली उभ्या असलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. तो कळपात राहत नाही, माकडांसारखा कलकलाट करत नाही आणि जमिनीवर यायला नाखूश असतो. एक काम मात्र तो रोज न चुकता करतो. संध्याकाळ झाली की फांद्या वाकवायच्या, एकमेकींत गुंतवायच्या, वर पानांची गादी घालायची आणि झोपायचं. कालचं घरटं आज सहसा चालत नाही. पाऊस असेल तर मोठी पानं डोक्यावर धरतो, कधी घरट्यावर छप्परही करतो. भीमाशंकरच्या रानात शेकरूची घरटी पाहिली असतील त्यांनी तसलंच, पण माणूस झोपेल एवढं मोठं घरटं डोळ्यासमोर आणावं.

आता हिशोब. समजा, तुम्ही जंगलातल्या एका पट्ट्यात सरळ रेषेत चालत गेलात आणि दोनशे घरटी मोजलीत. म्हणजे दोनशे ओरांगउटान? छे. एखादं घरटं सुकून, कुजून, तुटून नाहीसं व्हायला काही आठवडे लागतात, तर एखादं वर्षभरही टिकतं. झाड कुठलं, पाऊस किती, यावर ते अवलंबून. त्या भागात घरटं सरासरी दोनशे दिवस टिकत असेल आणि एक प्राणी दिवसाला साधारण एक घरटं बांधत असेल, तर तुमची दोनशे घरटी म्हणजे फक्त एक ओरांगउटान. पिल्लं आईच्याच घरट्यात झोपतात, त्यांचा थोडा वाढवा धरायचा, एवढंच.

असल्या हिशोबातून जे आकडे निघाले ते असे: आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावर साधारण १ लाख, सुमात्रा बेटावर १४ हजारांच्या आसपास. तिसरी जात तापानुली, तीही सुमात्रातच, पण बातांग तोरू नावाच्या एका डोंगराळ टापूपुरती, ८०० पेक्षाही कमी. ही तिसरी जात वेगळी आहे असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं २०१७ साली. ज्या कवटीच्या अभ्यासावरून तिला नाव मिळालं ती कवटी २०१३ मध्ये माणसांच्या मारहाणीत जखमी होऊन मेलेल्या एका नराची होती. नाव मिळालं त्याच दिवशी ती माणसाच्या या जवळच्या भाऊबंदांमधली, म्हणजे चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यातली, सर्वांत दुर्मिळ जात ठरली. बारसं आणि धोक्याची घंटा एकाच मांडवात.

तिन्ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीत आहेत. त्यानंतरची पायरी म्हणजे जंगलातून नाहीसं होणं.

इथे कुणीही शहाणा वाचक विचारेल की भारतात वाघ साडेतीन हजारांच्या घरात आहेत आणि आपण त्याचे पेढे वाटतो. मग बोर्निओच्या एक लाखासाठी एवढी रडारड कशाला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर वाघिणीच्या आणि ओरांगउटानच्या बाळंतपणात आहे.

दोन आयांचं गणित

वाघीण तीन-चार वर्षांची झाली की विते. एका वेळी दोन ते चार बछडे, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा. पहिली वीण गेली तर ती लवकरच परत माजावर येते. म्हणून शिकार थांबवली, जंगल आणि सांबर-चितळ राखले, की वाघ वाढतात. ताडोबानं ते दाखवून दिलंय.

ओरांगउटानची मादी पहिल्यांदा आई होते ती पंधराव्या वर्षाच्या आसपास. एका वेळी एकच पिल्लू. पुढचं पिल्लू सात-आठ वर्षांनी. सस्तन प्राण्यांत दोन बाळंतपणांत एवढं अंतर राखणारा दुसरा प्राणी माहीत नाही. पन्नासेक वर्षांच्या आयुष्यात, सगळं नीट पार पडलं तर, चार-पाच पिल्लं. हिशोब करणारे सांगतात की एखाद्या टापूत नैसर्गिक मृत्यूंखेरीज वर्षाला शंभरातली एखादी मादी जरी जास्तीची मेली, तरी तिथली संख्या हळूहळू घसरणीला लागते. शंभरात एक. म्हणजे एखाद्या तालुक्याएवढ्या जंगलात दर वर्षी एक-दोन गोळ्या. कुणाच्या लक्षातही यायच्या नाहीत.

आणि झालंही तसंच. १९९९ ते २०१५ या काळात एकट्या बोर्निओत १ लाखाहून अधिक ओरांगउटान कमी झाले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खरा चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. जिथे जंगल पार साफ झालं तिथे ते गेले हे उघडच आहे. पण आकड्याने पाहिलं तर जास्त ओरांगउटान गेले ते अजून उभ्या असलेल्या किंवा थोडीफार लाकूडतोड झालेल्या जंगलांतून. झाडं होती, प्राणी नव्हते. याचा अर्थ मांसासाठी, बागेत शिरला म्हणून, किंवा पिल्लू हवं म्हणून लोक त्यांना मारत होते. उपग्रहाच्या फोटोत जंगल हिरवं दिसतं म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आठ वर्षं आई एकाच पोराचं करते तरी काय? शाळा चालवते.

या बेटांवरच्या जंगलात अन्न मुबलक असतं हा गैरसमज. तिथली बरीच उंच झाडं आपल्या साल वृक्षाच्या कुळातली. ती दर वर्षी फळत नाहीत. काही वर्षं गप्प बसतात आणि मग एका हंगामात सगळं रान एकदम फळतं. तेव्हा चंगळ, बाकी वर्षं टंचाई. टंचाईत वड-उंबरांच्या जातीची फळं, कोवळी पानं, वाळवी, नाहीतर झाडाची साल खरवडून खायची. कुठलं झाड कुठे आहे, ते कधी फळतं, कुठलं फळ कसं सोलायचं हे शेकडो वनस्पतींच्या बाबतीत पाठ असावं लागतं. पिल्लू ते आईच्या हाताकडे बघून शिकतं. तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ती काय खातेय ते न्याहाळतं. आईच्या दुधातून येऊन दातांमध्ये साठलेल्या बेरियमचे थर तपासून शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की काही पिल्लं आठ वर्षांपलीकडेही टंचाईच्या दिवसांत आईचं दूध पितात. दूध म्हणजे त्यांचा दुष्काळी भत्ता.

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सुआक बालिंबिंग नावाची दलदलीची रानं आहेत. तिथे नीसिया नावाच्या झाडाला लाकडासारखं कडक फळ येतं. बिया पौष्टिक, पण भोवती काचेच्या चुऱ्यासारखी टोचणारी कूस. आपल्या खाजकुइलीची आठवण यावी अशी. तिथले ओरांगउटान एक काडी सोलतात, दातात धरतात, आणि फळाच्या फटीत घालून कूस बाजूला सारून बिया काढतात. हेच झाड दुसरीकडे आहे, ओरांगउटानही आहेत, पण ही युक्ती सगळीकडे नाही. म्हणजे ती रक्तात नाही, शिकवणीत आहे. घराणं आहे म्हणा ना, गायकीचं असतं तसं. एक आई मेली की फक्त एक जीव जात नाही, चीजा पण जातात.

याच सुआकमध्ये जून २०२२ मध्ये राकुस नावाच्या नराच्या गालावर, बहुधा दुसऱ्या नराशी झालेल्या भांडणात, मोठी जखम झाली. त्याने ‘अकार कुनिंग’ नावाच्या वेलीची पानं चावली, रस जखमेवर पुन्हा पुन्हा लावला, आणि मग चोथा वर थापला. ही वेल तिथली माणसं ताप आणि हगवणीवर वापरतात. जखम भरली. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा एका वन्य प्राण्याने औषधी वनस्पती जखमेला लावल्याची ती पहिली व्यवस्थित नोंद होती. राकुसला हे कुणी शिकवलं, की चुकून सुचलं, हे विचारायची सोय नाही.

नरांबद्दल एक जाता जाता. गालांना थाळीसारखे मांसल कल्ले असलेले मोठे नर एक दीर्घ आरोळी देतात, ती किलोमीटरभर ऐकू जाते. संशोधकांच्या लक्षात आलं की संध्याकाळी नर ज्या दिशेला तोंड करून आरोळी देतो, दुसऱ्या दिवशी साधारण त्याच दिशेला निघतो. उद्याचा दौरा आदल्या रात्री जाहीर. आपल्या पुढाऱ्यांपेक्षा बरा.

भिजलेली जमीन कशी जळते

जंगल गेलं म्हणजे नेमकं काय झालं, हे समजायला पीट समजून घ्यायला हवं. बोर्निओच्या दक्षिणेकडे, इंडोनेशियाच्या कालिमंतान भागात, सपाट दलदली आहेत. पडलेली पानं, खोडं, मुळं तिथे कायम पाण्यात बुडालेली राहतात. पाण्यात हवा नाही, हवा नाही म्हणून कुजणं नाही. हजारो वर्षं हा पाला साचत गेला आणि त्याचे काळे-तपकिरी थर झाले, काही ठिकाणी दहा मीटरहूनही खोल. हेच पीट. शेणाच्या गोवऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवल्यात असं समजा. ओल्या आहेत तोवर काडी लावून दाखवा.

१९९५ च्या सुमारास इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुहार्तो यांनी ठरवलं की या दहा लाख हेक्टर दलदलीत भात पिकवायचा. जंगल तोडलं, हजारो किलोमीटर कालवे खणले, पाणी नदीला नेऊन सोडलं. टाकीची तोटी उघडली म्हणा. भात काही पिकला नाही, ती जमीन भाताची नव्हतीच. पण गोवऱ्या वाळल्या. १९९७ मध्ये एल निन्योचा कोरडा हंगाम आला आणि ते सगळं पेटलं. पीटची आग वरून विझली तरी जमिनीखाली धुमसत राहते आणि चार दिवसांनी पन्नास पावलांवर पुन्हा तोंड काढते. हेलिकॉप्टरमधून पाणी टाकून ती विझत नाही, दमदार पाऊसच लागतो.

२०१५ मध्ये पुन्हा तेच. त्या वर्षी इंडोनेशियात साधारण २६ लाख हेक्टर जळालं, आणि जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर काढला. धूर सिंगापूरपर्यंत गेला. अशा जमिनीवर उपाय एकच आणि तो दिसायला अगदी साधा: कालव्यांना बांध घालायचे, पाणी अडवायचं, जमीन परत ओली करायची. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणत वाढलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजवायला नको. फक्त तिथे ते पिकासाठी नाही, आग लागू नये म्हणून.

जंगलाचे तुकडे झाले की ओरांगउटान शेतात, तेलपामच्या मळ्यात उतरतो. कोवळे कोंब खातो. मळेवाल्यांच्या लेखी तो रानडुकरासारखा उपद्रवी. मार्च २०१९ मध्ये सुमात्राच्या आचे प्रांतात एका मळ्यात जखमी मादी सापडली. तिच्या अंगात एअरगनचे ७४ छर्रे होते. दोन्ही डोळे गेले होते. सोबतचं महिन्याभराचं पिल्लू उपचारांपर्यंत टिकलं नाही. सांभाळणाऱ्यांनी तिचं नाव होप ठेवलं. गणिताच्या भाषेत: एक पिल्लू गेलं, आणि ती आंधळी मादी जंगलात परतणार नाही, म्हणजे पुढची जन्माला येऊ शकणारी पिल्लंही गेली.

पिल्लू कुठून येतं

गोजिरवाण्या पिल्लांचे फोटो बघताना एक प्रश्न विचारायचा असतो: याची आई कुठे आहे? ओरांगउटानचं पिल्लू आईला घट्ट बिलगलेलं असतं. ते हवं असेल तर आईला मारावं लागतं, दुसरा मार्ग नाही. १८५५ मध्ये बोर्निओतल्या सारावाकमध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस यांनी एका मादीला गोळी घातली, मग चिखलात तिचं पिल्लू सापडलं म्हणून त्यांनी ते वाढवायला घेतलं. दूध मिळेना, तांदळाची पेज पाजली. सुमारे तीन महिन्यांत ते मेलं. तेव्हापासून आजतागायत गोष्टीचा सांगाडा तोच आहे, बंदुकीच्या जागी एअरगन आली आणि संग्रहालयाच्या जागी श्रीमंताचं अंगण किंवा तमाशाचं रिंगण. बँकॉकजवळच्या एका करमणूक उद्यानात ओरांगउटानना हातमोजे घालून बॉक्सिंग करायला लावत. त्यातले ४८ जण चोरून आणलेले निघाले आणि २००६ मध्ये इंडोनेशियाला परत गेले.

अशा जप्त केलेल्या, सापडलेल्या पिल्लांसाठी पुनर्वसन केंद्रं आहेत. मलेशियाच्या साबाह राज्यातलं सेपिलोक १९६४ पासूनचं, सुमात्रातलं बुकित लावांग १९७३ मध्ये दोन स्विस बायकांनी सुरू केलेलं (आता तिथे नवी पिल्लं घेत नाहीत), कालिमंतानमधलं न्यारू मेंतेंग १९९९ चं. तिथे दाया पिल्लांना पाठीवर घेऊन जंगलात नेतात आणि आईने जे शिकवायचं ते शिकवू पाहतात: चढायचं कसं, घरटं कसं विणायचं, वाळवी कुठे शोधायची. सात-आठ वर्षं लागतात. इतकं करूनही काही जण माणसाच्या इतके सवयीचे झालेले असतात की त्यांना कधीच सोडता येत नाही.

मला विचाराल तर हे काम फार मोलाचं आहे आणि ते ओरांगउटान वाचवण्याचं मुख्य काम नाही. एका अनाथाला आठ वर्षं पोसण्याचा खर्च, आणि तेवढ्याच पैशात उभं राहणारं जंगल, त्यात आपली पोरं आपण वाढवणाऱ्या आया. पण आईच्या मांडीवरच्या पिल्लाला कुणी देणगी देत नाही, बाटलीने दूध पिणाऱ्याला देतात. केंद्रवाल्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून बरीच केंद्रं आता त्या पैशातून जंगलही राखतात.

समोर आलाच तर

सुमात्रातलं बुकित लावांग हे गाव गुनुंग लेउसर राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर, बोहोरोक नदीकाठी आहे. मेदान शहरातून गाडीने तीन-चार तास. नोव्हेंबर २००३ मध्ये नदीला आलेल्या पुराने गावाचा बराच भाग वाहून गेला आणि दोनशेच्या वर माणसं मेली. तरी गाव पुन्हा उभं राहिलं, ते मुख्यत्वे ओरांगउटान बघायला येणाऱ्या लोकांच्या जिवावर. इथे ओरांगउटानला ‘मावास’ असंही म्हणतात. बोर्निओत जायचं तर तंजुंग पुतिंग राष्ट्रीय उद्यानात, जिथे संशोधक बिरुटे गाल्डिकास यांनी १९७१ पासून ओरांगउटानच्या अभ्यासात आयुष्य घालवलं, ‘क्लोतोक’ नावाच्या लाकडी बोटीतून नदीने जाता येतं. किंवा साबाहमधली किनाबातांगान नदी, जिच्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

नियम सगळीकडे जवळपास सारखे: निदान दहा मीटर लांब राहा, तोंडाला मास्क, खाऊ घालायचं नाही, फ्लॅश नाही, सर्दी-खोकला असेल तर जायचंच नाही. यातला शेवटचा लोक सर्वांत सहज मोडतात. तिकिटं काढलेली असतात, घसा थोडा खवखवतोय, काय होतंय! आपला आणि त्यांचा जनुकीय आराखडा ९७ टक्के सारखा आहे. आपला सर्दीचा विषाणू त्यांना चालतो, आपला क्षयही चालतो. फरक एवढाच की आपण लहानपणापासून गर्दीत शिंकत वाढलो, आणि ते एकएकटे राहिले. त्यांच्या शरीराला या आजारांची ओळखच नाही.

खाऊ घालण्याचं नुकसान वेगळं. बुकित लावांगमध्ये मिना नावाची मादी प्रसिद्ध होती. पूर्वी माणसाळलेली, मग सोडलेली. तिला ठाऊक झालं होतं की वाटाड्यांच्या पिशवीत फळं असतात. न दिल्यास ती धावून यायची, अनेकांना चावली. लोक तिला रागीट म्हणत. खरं तर ती हिशोबी होती, हिशोब माणसांनी शिकवलेला. जो वाटाड्या केळं दाखवून ओरांगउटानला खाली बोलावतो तो फोटो चांगला मिळवून देतो, आणि जमिनीवर आलेलं जनावर म्हणजे आजार, कुत्री आणि एअरगन यांच्या टप्प्यात आलेलं जनावर. परवानाधारक वाटाड्या घ्या आणि आधीच सांगा, ‘लांबून दिसला तरी चालेल.’ ग्राहकानेच असं म्हटलं की त्याचंही काम सोपं होतं. आणि ज्या ‘स्वयंसेवक’ सहलीत पिल्लाला कडेवर घ्यायला मिळेल असं लिहिलेलं असतं, तिथे पैसे भरू नका.

वाट बघा आणि मान दुखेपर्यंत वर बघा. बहुतेकदा आधी फळांच्या साली पडताना ऐकू येतात. मग फांदी हलते. तो तुमच्याकडे एकदा बघतो आणि पुन्हा खायला लागतो. ही चांगली भेट. त्याने फांद्या तोडून फेकायला किंवा ओठ चंबूसारखे करून चुंबनासारखा आवाज काढायला सुरुवात केली, तर तो लाडात आलेला नाही, ‘निघा’ म्हणतोय.

आणि आपला डबा

सुमात्राला सगळे जाणार नाहीत. पण सुमात्रा आपल्या घरात येते. भारत हा जगातला पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार आहे. वर्षाला साधारण ७५ ते ९५ लाख टन, बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. रेशनच्या दुकानातलं पामोलिन आपल्या आयांना ठाऊक होतं. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेलच होतं. बिस्किटं, पाकिटातलं फरसाण, नूडल्स, अंगाचा साबण, शाम्पू यांतही ते असतं. पाकिटामागे बारीक अक्षरात पाम ऑइल किंवा पामोलिन लिहिलेलं असतं, साबणावर सोडियम पामेट.

मग बहिष्कार घालायचा? इथे मला सोपं उत्तर देता येत नाही. तेलपाम हे झाड हेक्टरी साधारण साडेतीन टन तेल देतं, सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास. सगळ्यांनी पाम सोडून सोयाबीनचं तेल धरलं तर तेवढ्याच तेलाला सहा-सात पट जमीन लागेल, आणि ती ब्राझीलच्या जंगलातून निघेल. दोष झाडाचा नाही, ते कुठे लावलं याचा आहे. जंगल किंवा पीट मोडून लावलेलं पाम वेगळं, जुन्या मळ्यातलं वेगळं. हा फरक दाखवण्यासाठी २००४ मध्ये स्थापन झालेल्या आरएसपीओ या संस्थेची प्रमाणपत्र पद्धत आहे. तिच्यात पळवाटा आहेत, तक्रारी आहेत, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. अडचण अशी की भारतीय गिऱ्हाईक त्याबद्दल विचारत नाही. स्वस्त तेल हे गरिबाचं तेल आहे, रेशनवर लिटरभर तेल घेणाऱ्या बाईला ओरांगउटानची शपथ घालणं मला पटत नाही. पण शंभर रुपयांचा शाम्पू आणि दीडशेची कुकी घेणारे आपण कंपनीला एक ईमेल लिहू शकतो: तुमचं पामतेल कुठून येतं? युरोपात कंपन्या वळल्या त्या अशाच प्रश्नांनी.

मे २०२४ मध्ये मलेशियाच्या मंत्र्यांनी एक गंमत केली. पामतेल विकत घेणाऱ्या देशांना, त्यात भारतही, मैत्रीची भेट म्हणून ओरांगउटान देऊ म्हणाले, चीन पांडा देतो तसं. जगभरातून टीका झाल्यावर ऑगस्टमध्ये धोरण बदललं: ओरांगउटान मलेशियातच राहतील, तेल घेणाऱ्या कंपन्यांनी हवं तर तिथेच त्यांचं पालकत्व घ्यावं. भारताला तशी भेट आली असती तर काय झालं असतं याची थोडी कल्पना आपल्याला आहे. पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून बिन्नी नावाची मादी २००३ मध्ये भुवनेश्वरच्या नंदनकाननला गेली. देशातली एकमेव ओरांगउटान म्हणून तिची ओळख होती. २०१९ च्या मे महिन्यात, चाळिशी ओलांडून, ती तिथेच गेली. सांभाळणाऱ्यांनी तिचं प्रेमाने केलं, पण दुसरा ओरांगउटान देशात नव्हता.

भारत आता स्वतःचं पाम लावतोय. २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचं तेलपाम अभियान मंजूर केलं, आणि त्याचा भर ईशान्य भारत आणि अंदमानवर आहे. आयात कमी होईल हे खरं. पण ईशान्येच्या त्याच जंगलांत हुलॉक गिबन राहतो, भारतातला एकमेव एप, म्हणजे बिनशेपटीचा वानर. तोही झाडांवरून झाडांवर झुलत जातो, तोही एका वेळी एकच पिल्लू वाढवतो. झाडांची सलग रांग तुटली की तोही अडकतो.

रांग तुटल्यावर काय करता येतं याचं उदाहरण किनाबातांगानला आहे. नदीच्या दोन्ही काठांना जंगलाचा चिंचोळा पट्टा, मागे नजर पोचेल तिथवर तेलपाम. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी लहान ओढ्यांवर दोन्ही काठांची मोठी झाडं वर फांद्यांनी मिळालेली असत, तोच त्यांचा पूल. मोठी झाडं लाकडासाठी गेली, मळेवाल्यांनी चर खणले, आणि ओरांगउटान आपापल्या तुकड्यात कोंडले गेले. १९९८ पासून तिथे ‘हुतान’ ही संस्था सुकाउ गावातल्या लोकांना घेऊन काम करते. गावच्या बायका जंगली फळझाडांची रोपं वाढवून रिकाम्या पट्ट्यांत लावतात, पुरात वाहून गेली की पुन्हा लावतात. आणि झाडं मोठी व्हायला वेळ लागणार म्हणून तोवर ओढ्यांवर दोर आणि अग्निशामक दलाच्या जुन्या पाइपांचे पट्टे बांधून झुलते पूल टाकले.

मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘हुतान’ म्हणजे रान. ओरांगउटान म्हणजे रानमाणूस. सुकाउचे लोक स्वतःला ‘ओरांग सुंगाई’ म्हणवतात, नदीची माणसं. नदीच्या माणसांनी रानमाणसांसाठी दोर बांधले, आणि माकडं लगेच त्यावरून पळायला लागली. ओरांगउटान काही येईनात. वर्षामागून वर्षं गेली. गावकऱ्यांपैकी कुणीतरी म्हणे, मी पाहिला, पण पुरावा नव्हता. २०१० मध्ये फोटो मिळाला: एक नर, एक हात दोराला, एक पाय दोराला, खाली तपकिरी पाणी, सावकाश पलीकडे जाताना.